शेतावर तंबू-मुक्काम सुरू करताना: ठाणे जिल्ह्यातील नोंदणी, कागदपत्रे आणि पाहुण्यांचे हक्क

पावसाळा सरला की मुरबाड, शहापूर आणि बारवी धरणाच्या परिसरात शेताच्या बांधावर तंबू उभे राहतात आणि ठाणे-नवी मुंबईची कुटुंबे शनिवारी मुक्कामाला जातात. असा व्यवसाय करू इच्छिणाऱ्या शेतकऱ्याला राज्याच्या 2020 च्या कृषी पर्यटन धोरणाखाली पर्यटन संचालनालयाकडे नोंदणी करता येते. वैयक्तिक शेतकऱ्याकडे किमान एक एकर शेतजमीन असावी लागते. शेतकऱ्यांच्या सहकारी संस्था, शेतकरी उत्पादक कंपन्या, कृषी विज्ञान केंद्रे आणि कृषी महाविद्यालयेही पात्र आहेत.

अर्जासोबत सातबारा उतारा, आधार कार्ड, पॅन कार्ड, वीज देयक, अन्न परवाना आणि शुल्क भरल्याचे चलन जोडावे लागते. पहिल्या नोंदणीचे शुल्क 2,500 रुपये असून दर पाच वर्षांनी 1,000 रुपये भरून नूतनीकरण करावे लागते. संचालनालयाचे कोकण विभागाचे कार्यालय सीबीडी बेलापूरच्या कोकण भवनात आहे. जागेची पाहणी झाल्यावर प्रमाणपत्र दिले जाते.

या सर्व कागदांत सातबारा सर्वांत बारकाईने वाचावा, कारण पुढचे बहुतेक वाद त्यातूनच निघतात. सामाईक खाते असेल तर इतर खातेदारांची लेखी संमती आधीच घेऊन ठेवावी. ‘इतर अधिकार’ या रकान्यातील बोजा व निर्बंध पाहावेत आणि जमीन भोगवटादार वर्ग 2 ची (म्हणजे हस्तांतरणावर सरकारी निर्बंध असलेली) असल्यास तलाठ्याकडे अटींची चौकशी केल्याशिवाय खर्चाला हात घालू नये. शहापूर-मुरबाड पट्ट्यात अनेक जमिनी आदिवासी खातेदारांच्या आहेत. बिगर-आदिवासी व्यावसायिकाला अशी जमीन भाडेपट्ट्याने घ्यायची झाल्यास जमीन महसूल संहितेच्या कलम 36-अ नुसार जिल्हाधिकाऱ्यांची पूर्वपरवानगी लागते आणि तोंडी व्यवहारात शेवटी नुकसान त्या आदिवासी कुटुंबाचेच होते.

दोरीवरून उतरणे, झिपलाइन किंवा कयाकिंग ठेवायचे असल्यास 2021 च्या साहसी पर्यटन धोरणाखाली स्वतंत्र नोंदणी करावी लागते. मद्य द्यायचे तर राज्य उत्पादन शुल्क विभागाचा परवाना हवा. उघड्यावर रात्री 10 ते सकाळी 6 ध्वनिक्षेपक लावता येत नाही. तानसा अभयारण्याच्या हद्दीत अभयारण्याला धोका होईल अशा रीतीने शेकोटी पेटवणे वन्यजीव संरक्षण अधिनियम, 1972 च्या कलम 30 ने निषिद्ध आहे, मग ती मालकाने पेटवलेली असो वा पाहुण्याने.

तंबूत एक-दोन रात्री राहणारा पाहुणा कायद्याने भाडेकरू नसून सामान्यतः जागा वापरण्याची अनुज्ञा मिळालेली व्यक्ती ठरतो. भारतीय सुविधाधिकार अधिनियम, 1882 च्या कलम 57 नुसार मालकाला माहीत असलेला आणि पाहुण्याला माहीत नसलेला धोकादायक दोष मालकाने सांगणे बंधनकारक आहे. गवतात झाकलेली बिनकठड्याची विहीर, तंबूजवळून गेलेली उघडी वीजतार, पाऊस पडताच फुगणारा ओढा या गोष्टी आगाऊ पैसे घेण्यापूर्वी लेखी कळवाव्यात, असा माझा आग्रह आहे.

पाहुण्याची चूक नसताना पैसे भरलेला मुक्काम मध्येच मोडला, तर याच अधिनियमाच्या कलम 64 प्रमाणे त्याला भरपाई मागता येते. उलट, धिंगाणा घालणाऱ्याची अनुज्ञा मालक रद्द करू शकतो, मात्र कलम 63 नुसार निघून जाण्यास आणि सामान हलवण्यास वाजवी वेळ द्यावा लागतो. लहान मुले असलेल्या कुटुंबाला मध्यरात्री घाटरस्त्यावर काढणे या कसोटीला उतरेल, असे मला वाटत नाही.

‘सामानाची व वाहनाची जबाबदारी मालकाची नाही’ या फलकावर मालकाने विसंबू नये. कर्मचाऱ्याकडे किल्ली देऊन हॉटेलात लावलेल्या गाडीच्या चोरीच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने 2019 मध्ये असा मजकूर निष्काळजीपणासाठी ढाल ठरवण्यास नकार दिला.

सेवेत त्रुटी राहिल्यास पाहुण्याला 1915 या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवता येते किंवा दोन वर्षांच्या आत जिल्हा ग्राहक आयोगाकडे दाद मागता येते. तंबू दुसऱ्या जिल्ह्यात असला तरी ठाण्यात राहणारा ग्राहक ठाण्यातच तक्रार दाखल करू शकतो आणि मुक्कामासाठी भरलेला मोबदला पाच लाख रुपयांपर्यंत असल्यास तक्रारीचे शुल्क लागत नाही. तक्रारीसोबत पैसे भरल्याची पावती, आरक्षणाचे संदेश आणि जागेची छायाचित्रे जोडावीत.