चुकलेल्या उत्तराच्या आत

टॅबलेटवर गणित येतं, ५२ वजा ३८. मूल उत्तर लिहितं २६. लगेच लाल फुली उमटते आणि तसलंच दुसरं गणित समोर येतं. तेही चुकतं. मग बाई शेजारी येऊन बसतात आणि एवढंच म्हणतात, "कसं केलंस, मला करून दाखव बरं."

मूल अंकांवर बोट ठेवत सांगतं, "आठातून दोन गेले, सहा. पाचातून तीन गेले, दोन."

म्हणजे वजाबाकी त्याला येते. वरचा अंक कुठला, खालचा कुठला हे न बघता मोठ्यातून लहान वजा करायचा, असा नियम त्यानं मनाशी पक्का केलाय आणि तो इमानेइतबारे पाळतोय. हातचा घ्यायची वेळच त्याच्यावर येत नाही. अशा मुलाला आणखी वीस गणितं दिली, तर चुकीचाच नियम वीस वेळा घोटून पक्का होईल.

वर्गातलं तंत्रज्ञान शिक्षकाच्या कामात नेमका काय बदल करतं, ते मला इथे दिसतं. नोव्हेंबर १९५३ मध्ये अमेरिकी मानसशास्त्रज्ञ बी. एफ. स्किनर आपल्या मुलीच्या वर्गात गणिताच्या तासाला जाऊन बसले. सगळ्या मुलांना एकाच वेगानं चालावं लागतं आणि आपलं उत्तर बरोबर की चूक हे त्यांना लगेच कळत नाही, या दोन गोष्टी त्यांना खटकल्या. त्यातून त्यांचं शिकवण्याचं यंत्र तयार झालं. उत्तरं तपासणारं यंत्र सिडनी प्रेसी यांनी १९२०च्या दशकातच बनवलं होतं. यंत्र शिक्षकाची जागा घेणार नाही, त्याचा वेळ आणि श्रम वाचवेल, असं स्किनर यांनी १९५८ मध्ये लिहिलं.

वेळ वाचतो, हे खरंच आहे. पण वह्यांचा गठ्ठा तपासताना शिक्षकाला उत्तराच्या बाजूला केलेली कच्ची आकडेमोडही दिसायची. कुठे खाडाखोड झाली, कुठे हातचा राहिला, कुणी शेजाऱ्याचं बघून उतरवलं, हे सगळं त्या पानावर असायचं. पडद्यावर येतात ते बहुतेक वेळा नुसते गुण. तपासणीचं ओझं उतरतं, पण त्यासोबत मुलाच्या डोक्यात डोकावायची खिडकीही बंद होते. वाचलेला वेळ मुलाशेजारी बसण्यात न जाता माहिती भरण्यात गेला, तर वर्गाचं नुकसानच होतं, असं माझं ठाम मत आहे.

उलट बाजूही आहे. हार्वर्ड विद्यापीठात भौतिकशास्त्र शिकवणाऱ्या एरिक माझूर यांनी १९९१ मध्ये व्याख्यान मध्येच थांबवून प्रश्न विचारायला सुरुवात केली. प्रत्येकानं आधी स्वतः उत्तर निवडायचं. पुढे त्यासाठी बटण दाबून उत्तर कळवायची, हातात मावणारी क्लिकर यंत्रं आली. बहुतेकांना जमलं तर पुढे जायचं, फारच थोड्यांना जमलं तर पुन्हा समजवायचं आणि वर्ग दुभंगला असेल तर शेजाऱ्याला आपलं म्हणणं पटवून द्यायला सांगून पुन्हा मत घ्यायचं. इथे यंत्र फक्त मोजतं. कुठला प्रश्न विचारायचा आणि कधी गप्प राहायचं, हे शिक्षकच ठरवतो. बोलण्यापेक्षा हे काम कितीतरी अवघड आहे, कारण विद्यार्थी कुठे घसरतील याचा अंदाज त्याला आधीच बांधावा लागतो.

हा अंदाज बांधायला शिकता येतं. जॉन सीली ब्राउन आणि रिचर्ड बर्टन या संशोधकांनी १९७०च्या दशकात वजाबाकीतल्या चुकांमागचे नियम शोधून काढले आणि 'बग्गी' नावाचा संगणकखेळ तयार केला. त्यात चुकणाऱ्या मुलाची भूमिका संगणकाकडे होती. एकच चुकीचा नियम मनात धरून तो उत्तरं द्यायचा. भावी शिक्षकांनी त्याला आपल्या मनानं गणितं घालायची, उत्तरं न्याहाळायची आणि त्याचं कुठे चुकतंय ते हुडकायचं. सापडलं असं वाटलं की नवी गणितं समोर यायची आणि त्यांची उत्तरं त्या मुलानं दिली असती तशीच, चुकीची, लिहून दाखवावी लागायची.