पार्श्वभूमी : खजिना लुटणारा नायक आणि बँकेतला पैसा

धुळ्याहून दोंडाईचाच्या रस्त्याला लागलं की शिंदखेडा तालुक्यात चिमठाणे येतं. 14 एप्रिल 1944 रोजी या परिसरात इंग्रज सरकारचा खजिना क्रांतिकारकांनी भर रस्त्यात अडवला. खजिना धुळ्याहून नंदुरबारकडे चालला होता. सुमारे साडेपाच लाख रुपये ताब्यात आले आणि ते चळवळीच्या कामी लागले. साताऱ्याच्या प्रतिसरकारचे जी. डी. बापू लाड आणि नागनाथअण्णा नायकवडी, आणि आपल्याकडचे डॉ. उत्तमराव पाटील अशी मंडळी त्यामागे होती. आमच्या घरात ही हकीकत सांगताना थोरल्यांचा आवाज आपोआप चढायचा. खजिना कधी निघणार याची आगाऊ खबर, ठरलेली जागा, ठरलेली वेळ, प्रत्येकाच्या वाट्याला आलेलं एकेक काम, आणि नंतर पांगून जाणं. पुढे सारंगखेड्याच्या यात्रेत तंबूतल्या टॉकीजमध्ये दरोड्याचा पहिला सिनेमा पाहिला, तेव्हा मला त्यात नवीन काहीच वाटलं नाही. ही गोष्ट आधीच ऐकलेली होती.

नंतर मी बँकेत लागलो. 29 वर्षं रोखपालाच्या खिडकीमागे काढली, त्यातली बरीच शिरपूर-शिंदखेडा पट्ट्यातल्या शाखांत. त्यामुळे बँक लुटण्याचा सिनेमा मी दोन्ही बाजूंनी पाहतो. तो इतका पकड का घेतो हे मला कळतं, आणि तो नेमका कुठे ढिला पडतो हेही दिसतं. दोन्हींची मुळं त्याच्या इतिहासात आहेत.

खजिना अडवण्याची रीत आपल्याकडे बँकांपेक्षा जुनी. 1818 मध्ये खान्देश इंग्रजांच्या हाती गेला. सातपुड्यातल्या भिल्लांशी लढून निभाव लागेना, म्हणून 1825 मध्ये आउट्रम या इंग्रज अधिकाऱ्याने धरणगावला भिल्ल पलटण उभारली. ज्यांच्यापासून वाटेला धोका, त्यांनाच वाटेच्या राखणीला बसवायचं, असं ते धोरण होतं. खाज्या नाईक असाच सेंधवा घाटाच्या वाटेचा राखणदार. नोकरी गेली, तुरुंग भोगला, आणि 1857 मध्ये त्याच घाटात इंदूरकडून येणारा सुमारे 7 लाखांचा खजिना त्याने लुटला. ज्याला वाटेचं प्रत्येक वळण ठाऊक, तोच उलटला. आजही दरोड्याच्या सिनेमात आतला माणूस लागतोच, मग तो पहारेकरी असो नाहीतर कामावरून काढलेला अधिकारी. तंट्या भिल्लाला 1889 मध्ये जबलपूरला फाशी दिली, तरी तो लोकांच्या तोंडी तंट्यामामाच राहिला. सावकाराचं आणि सरकारचं घेतो आणि गरिबाला देतो, एवढ्यावर लोकांनी त्याला आपला मानला.

अमेरिकेतही थोडंफार असंच घडलं. तिथे 1903 मध्ये रेल्वेच्या दरोड्यावर जेमतेम 12 मिनिटांचा मूकपट निघाला आणि तुफान चालला. पण बँक लुटणाऱ्याला नायकपण आलं ते 1930 च्या मंदीत. हजारो बँका बुडाल्या, लोकांच्या ठेवी गेल्या, आणि ज्या बँका तगल्या त्यांनी कर्जापोटी शेतकऱ्यांच्या जमिनी काढून घेतल्या. जॉन डिलिंजरसारखे दरोडेखोर त्या रागावर मोठे झाले. त्याला 1934 मध्ये शिकागोत केंद्रीय तपास यंत्रणेच्या माणसांनी टिपलं, तेही एका सिनेमागृहातून बाहेर पडताना. म्हणजे या चित्रप्रकाराच्या मुळाशी एक खरी जखम आहे. बँकेने ज्यांना उघडं पाडलं, त्यांनी बँक फोडणाऱ्याला टाळ्या दिल्या.

त्याच 1934 पासून हॉलिवूडमध्ये नियमावली कडक झाली. गुन्हेगाराला यश मिळताना दाखवायचं नाही, आणि तिजोरी कशी फोडली याचे तपशीलही दाखवायचे नाहीत, असे त्यात दंडक होते. त्यामुळे कितीही हुशार टोळी असली तरी शेवटी एखादी क्षुल्लक चूक होणार आणि सगळं मातीत जाणार, हा साचा पक्का झाला. मला तो शेवट अनेकदा चिकटवलेला वाटायचा. त्याचं मूळ कळल्यावर उलगडा झाला. काही मोठ्या दिग्दर्शकांनी मात्र त्या सक्तीतूनच शोकांतिका घडवली, हेही खरं.

या प्रकाराची सगळ्यात मोठी ताकद पाहायची तर 1955 चा 'रिफिफी' पाहावा. दिग्दर्शक ज्यूल्स दासँ अमेरिकेचा. कम्युनिस्ट म्हणून काळ्या यादीत गेला, काम मिळेना, तेव्हा फ्रान्समध्ये जाऊन त्याने हा चित्रपट केला आणि कान महोत्सवात दिग्दर्शनाचा सन्मान मिळवला. त्यात जवाहिऱ्याच्या दुकानावरच्या दरोड्याचा भाग जवळजवळ अर्धा तास चालतो. त्या अर्ध्या तासात एक संवाद नाही, पार्श्वसंगीत नाही. वरच्या मजल्यावरून जमीन फोडतात. पहिलं भोक पडलं की त्यातून मिटलेली छत्री खाली सोडतात आणि उघडतात, म्हणजे पडणारा चुना-दगड छत्रीत साठावा, खाली आवाज होऊ नये. धोक्याची घंटा वाजू नये म्हणून आग विझवायच्या नळकांड्यातला फेस तिच्यात भरतात. पाहणाऱ्याचा श्वास अडकतो. चोरी वाईट हे त्या वेळी मनात येतच नाही. आपण एक कसबी काम पाहत असतो. सुतार, घड्याळजी किंवा जिनिंगमधला जुना फिटर ज्या एकाग्रतेने हात चालवतो, ती एकाग्रता पडद्यावर इतक्या सबुरीने दाखवणारा दुसरा चित्रप्रकार मला माहीत नाही. या सिनेमावर काही देशांत बंदी आली, कारण तो चोरी शिकवतो अशी तक्रार होती.

ती भीती अगदीच निराधार नव्हती. 2007 च्या डिसेंबरअखेर केरळात चेलेम्ब्रा इथे ग्रामीण बँकेच्या शाखेखालची जागा हॉटेलसाठी म्हणून भाड्याने घेतली गेली, छताला भोक पाडलं गेलं, आणि सुमारे 80 किलो सोनं व 50 लाखांची रोकड गेली. 'धूम' पाहून कल्पना सुचली, असं सूत्रधाराने पोलिसांना सांगितल्याच्या बातम्या तेव्हा सगळ्यांनी वाचल्या. मला त्यात सोन्याचा आकडा जास्त टोचला. ग्रामीण शाखेत सोनं असतं ते गहाण पडलेलं. पेरणीच्या तोंडावर, दवाखान्यासाठी, मुलीच्या लग्नासाठी आणून दिलेलं. आमच्या शाखेत जून लागला की सोनेतारणाची रांग लागायची. पिशवीवर नाव लिहून मोहोर लावताना समोरची बाई शेवटपर्यंत त्या सोन्याच्या पोतीकडे बघत राहायची.

आपल्याकडे बँक गावापर्यंत आली ती 1969 नंतर. त्या वर्षी 19 जुलैला 14 बँकांचं राष्ट्रीयीकरण झालं आणि तालुक्याच्या पुढे शाखा उघडू लागल्या. जिल्हा बँक आणि विकास सोसायट्या आधीपासून होत्याच. सरकारी खजिना इंग्रजाचा होता, ही बँक मात्र कापसाच्या आणि केळीच्या पैशाची. हिंदी सिनेमाने हा फरक फारसा मनावर घेतला नाही. त्याने परदेशी साचा उचलला, त्यात गाणी आणि मोटारसायकली घातल्या. दोन अपवाद मला महत्त्वाचे वाटतात. 2002 च्या 'आँखें'मध्ये बँकेतून काढलेला अधिकारी तीन आंधळ्यांना दरोड्याचं शिक्षण देववतो. कल्पना अचाट, पण सरावाचा भाग जीव लावून केलेला. आणि 2013 चा 'स्पेशल 26', जो 19 मार्च 1987 च्या मुंबईतल्या ऑपेरा हाउसच्या घटनेवर बेतला आहे. तिथे एका तोतया सीबीआय अधिकाऱ्याने वर्तमानपत्रात जाहिरात देऊन माणसं भरली, त्यांनाही खरं वाटेल असा छापा घातला आणि दागिने घेऊन पसार झाला. तिजोरी फोडावीच लागली नाही. सरकारी ओळखपत्र दिसलं की आपण किती चटकन उभे राहतो, हे त्या सिनेमाने अचूक पकडलं. आपल्या मातीतली ती खरी निरीक्षणं.

आता उणिवा. पहिली साधी, वजनाची. एक कोटी रुपये पाचशेच्या नोटांत घेतले तर 20,000 नोटा, म्हणजे 200 पाकिटं, वजन सुमारे 23 किलो. सिनेमात दहा कोटींची पिशवी खांद्याला लावून माणूस भिंतीवरून उडी मारतो. ती पिशवी सव्वादोन क्विंटलच्या वर भरेल. तेवढा कापूस उचलायला आमच्याकडे हमाल लागतात. दुसरी, रकमेची. लहान शाखेत किती रोकड ठेवायची याला मर्यादा असते, जास्तीची रक्कम करन्सी चेस्टला, म्हणजे रोकड साठवायच्या मोठ्या तिजोरीला, पाठवावी लागते. आणि चेस्टमधली रोकड त्या बँकेच्या मालकीची नसते, ती रिझर्व्ह बँकेची असते. तिसरी, किल्ल्यांची. तिजोरीला दोन किल्ल्या, दोघांच्या ताब्यात. एकटा मॅनेजर घाबरून तिजोरी उघडून देतो हे दृश्य पाहिलं की मला राहवत नाही, कारण दुसरी किल्ली माझ्या कमरेला असायची. कोणी बंदूक रोखलीच असती तर ती दोघांवर रोखावी लागली असती.

याहून मोठी उणीव म्हणजे बँकेतली माणसं. ती पडद्यावर जमिनीवर पालथी पडतात आणि तिथेच राहतात. 1972 मध्ये ब्रुकलिनच्या एका शाखेत दरोडा फसला आणि कर्मचारी तासन्‌तास ओलीस राहिले. त्यावरच्या 1975 च्या 'डॉग डे आफ्टरनून'ने त्या कर्मचाऱ्यांना चेहरे दिले, स्वभाव दिले, म्हणून तो आजही ताजा वाटतो. पण अशी उदाहरणं थोडी. दरोड्याच्या दुसऱ्या दिवशीची सकाळ कोणी दाखवत नाही. रोकड पुन्हा मोजणं, वह्या ताब्यात जाणं, प्रत्येकाची वेगळी चौकशी, आणि आतलाच कोणी सामील असेल या संशयाने वर्षानुवर्षं शेजारी बसलेल्या दोघांचं बोलणं बंद होणं.

2017 च्या नोव्हेंबरमध्ये नवी मुंबईत जुईनगरला शेजारचं दुकान भाड्याने घेऊन भुयार खणलं गेलं आणि बँकेतले सुमारे 30 लॉकर फोडले गेले. बातम्यांत भुयाराची लांबी सगळ्यांनी सांगितली. लॉकर ज्यांचे होते त्यांच्या हाती काय आलं, हा प्रश्न मागे पडला. लॉकरमध्ये काय ठेवलंय याची बँकेला कल्पना नसते, म्हणून भरपाईचा वाद अशा वेळी हमखास व्हायचा. 1 जानेवारी 2022 पासून रिझर्व्ह बँकेचा नियम आला, की बँकेच्या निष्काळजीपणामुळे चोरी झाली किंवा कर्मचाऱ्याने अफरातफर केली तर वार्षिक भाड्याच्या 100 पटींपर्यंत बँक देणं लागते. तीन हजार भाडं असेल तर तीन लाख. आईच्या पाटल्या त्यात बसतात का, हे ज्याने त्याने पाहावं.

अमळनेर तालुक्यातले माझे मामा कापूस पिकवतात. एका दिवाळीला घरात सगळी पोरं टीव्हीवर असाच सिनेमा बघत होती. टोळी निसटली तशा टाळ्या पडल्या. मामा इतका वेळ गप्प होते. त्यांनी मला विचारलं, "पन त्या पैसा कोना व्हतात रे?" मी बँकेतला, म्हणून मलाच विचारलं. मी सांगितलं, की रोकड लुटली गेली तरी खातेदाराची शिल्लक कमी होत नाही, तो तोटा बँकेचा. बँकच बुडाली तर ठेवीला विमा आहे. 1962 मध्ये तो 1,500 रुपयांवर सुरू झाला, 2020 पासून 5 लाखांपर्यंत आहे. सहकारी बँकांनाही तो लागू आहे.

"आणि पतसंस्थेला?" त्यांनी विचारलं.

पतसंस्थेला तो लागू नाही. हे त्यांना माझ्यापेक्षा आधी कळलं होतं. जळगाव जिल्ह्यात पतसंस्था अडचणीत आल्या तेव्हा त्यांचीही ठेव एका पतसंस्थेत अडकली होती. तिथे कोणी मुखवटा घालून आलं नव्हतं, भिंतीला भोक पडलं नव्हतं, भोंगा वाजला नव्हता. कर्जं ओळखीपाळखीने दिली गेली, ती परत आली नाहीत, आणि एक दिवस खिडकीवर पैसे मिळेनासे झाले. मामा तीन वर्षं पावती घेऊन खेटे घालत होते. मुद्दलाचा काही भाग हप्त्याहप्त्याने आला. उरलेल्या रकमेची पावती अजून त्यांच्या ट्रंकेत, सातबाऱ्याच्या उताऱ्यांखाली ठेवलेली आहे.