पुन्हा वाचायला लागायचंय? मग पहिल्या दहा पानांत खून हवा

आमच्या वाचनालयात नाव घालायला येणारे बरेचजण काउंटरपाशी एकच वाक्य बोलतात, "पूर्वी खूप वाचायचो हो, आता होत नाही." आणि लगेच मागतात 'मृत्युंजय'. नाहीतर 'तुंबाडचे खोत', तेही दोन्ही खंड एकदम. पुस्तकं थोरच आहेत, वादच नाही. पण कित्येक वर्षं फक्त मोबाइलवरचे मेसेज वाचलेल्या माणसाने कर्ण, कुंती, दुर्योधन, वृषाली, शोण आणि श्रीकृष्ण अशा सहाजणांच्या तोंडून सांगितलेली जाडजूड कादंबरी उचलली, की ती उशाशी पडून राहते. महिन्याने पुस्तक परत येतं आणि त्यानंतर सभासद फिरकत नाही. यात आमचाही तोटा आहे, म्हणून हे पत्रक.

सांगायचं ते एवढंच: थोर काय ते पुढे बघू. आधी हातातून सुटणार नाही असं पुस्तक घ्या.

रहस्यकथेला नाक मुरडू नका

बाबूराव अर्नाळकरांनी हजाराच्या वर रहस्यकथा लिहिल्या. झुंजार आणि काळापहाड या त्यांच्या नायकांची नावं तुमच्या आजोबांना विचारून बघा, चेहरा खुलेल. गल्लोगल्लीच्या वाचनालयांनी अशा पुस्तकांवर दिवस काढले, हे आम्ही तरी विसरणार नाही. ही पुस्तकं एका बैठकीत संपावीत अशाच बेताने लिहिलेली असतात. पात्रं मोजकी, गुन्हा लवकर घडतो, प्रकरणं आखूड, आणि प्रत्येक प्रकरण नेमकं अशा जागी तोडलेलं की पान उलटल्याशिवाय चैन पडत नाही. संवाद भरपूर असतात, म्हणजे पानावर मोकळी जागा जास्त आणि पानं भराभर सरतात. सवय मोडलेल्याला याचंच बळ लागतं. लोकलमध्ये घाटकोपरला गर्दी चढली, पुस्तक मिटलं आणि संध्याकाळी परतताना उघडलं, तरी कोण कोणाचा कोण हे आठवत बसावं लागत नाही.

अर्नाळकरांची भाषा जुनी वाटली तर सुहास शिरवळकर घ्या. त्यांचा फिरोज इराणी किंवा बॅरिस्टर अमर विश्वास, कोणीही चालेल. 'दुनियादारी' (1982) सिनेमामुळे सगळे मागतात, पण ती कॉलेजच्या कट्ट्यावरची आहे, पसरट आहे. ती तिसऱ्या-चौथ्या नंबरला ठेवा. भीती आवडत असेल तर नारायण धारप. घरी एकटे असाल तर दिवसा वाचा, हे आम्ही गमतीने म्हणत नाही. आणि कादंबरी नावाचाच धसका घेतला असेल तर रत्नाकर मतकरींच्या गूढकथा: एका प्रवासात एक कथा, हिशेब चुकता.

ज्यांना खूनबिन नकोच आहे त्यांना आम्ही 'बनगरवाडी' (1955) देतो. माणदेशातल्या धनगरवाडीवर आलेला तरुण मास्तर, छोटी वाक्यं, आणि पुस्तक इतकं बारीक की पर्सच्या पुढच्या कप्प्यात बसतं. किंवा मिलिंद बोकिलांची 'शाळा' (2004). नववीतल्या मुकुंदची बोली अशी आहे की वाचतोय असं वाटतच नाही. मुंबईचीच पाहिजे तर जयवंत दळवींची 'चक्र' (1963), झोपडपट्टीतली. वाचून होते झपाट्याने, मात्र मन हलकं होईल अशी अपेक्षा ठेवू नका.

ऐतिहासिक हवीच असा हट्ट असेल तर 'पानिपत' (1988). जाड आहे, पण पळते. तरी पहिलं पुस्तक म्हणून आम्ही ती देताना दोनदा विचारतो.

इंग्रजी माध्यमात शिकलेल्या तिशीतल्या मंडळींचा प्रश्न वेगळा. गोष्ट कळते, पण जोडाक्षरांपाशी गाडी अडते. त्यांनी लाज न बाळगता भा. रा. भागवतांच्या फास्टर फेणेपासून सुरुवात करावी. फुरसुंगीचा हा पोरगा मोठ्यांनाही पळवतो. मुलाच्या नावावर नेलात तरी आम्ही काही बोलणार नाही.

वेळ कुठून आणायचा

दीडशे पानांची कादंबरी साधारण चाळीस हजार शब्दांची असते. मिनिटाला दीडशे-दोनशे शब्द हा काही फार मोठा वेग नाही. म्हणजे सगळं पुस्तक साडेतीन ते साडेचार तासांचं. मुलुंडहून सीएसएमटीची स्लो लोकल पाऊण तासाच्या वर घेते. तीन दिवसांच्या जाण्या-येण्यात पुस्तक संपतं, अर्थात बसायला मिळालं तर. तिघांच्या बाकावरची चौथी सीट मिळाली तरी एका हातात धरता येईल असंच पुस्तक निवडा आणि मोबाइल बॅगेच्या तळाशी टाका. खिशात असला की हात जातोच.

आणखी एक. "दोन पानांत डोळे मिटतात" अशी तक्रार चाळिशीपुढचे लोक करतात आणि दोष स्वतःच्या आळसाला देतात. आधी डोळे तपासून घ्या. या वयात जवळचं धूसर दिसायला लागतं, आणि जुन्या आवृत्त्यांचा टाइप तर मुंगीएवढा. नंबर लागला की बरेचजण पुन्हा वाचायला लागतात. आमच्याकडे मोठ्या टाइपातल्या आवृत्त्या डाव्या हाताच्या खालच्या फळीवर आहेत, वाकायचं नसेल तर सांगा, काढून देऊ.

पुस्तक कसं निवडाल

मलपृष्ठावर काय छापलंय ते वाचू नका, तिथे सगळीच पुस्तकं अप्रतिम असतात. शेवटच्या पानावर चिकटवलेली तारखांची चिठ्ठी बघा. शिक्के दाटीवाटीने, एकमेकांवर चढलेले, चिठ्ठी भरली म्हणून खाली दुसरी डकवलेली, असं पुस्तक बेधडक न्या. कोपरे मऊ झालेले असतील तर आणखी चांगलं. एक धोका मात्र आहे. कधीकाळी कोणा सभासदाने पहिल्याच पानावर पेन्सिलीने खुन्याचं नाव लिहून ठेवलेलं असतं. दिसेल तिथे आम्ही खोडतो, तुम्हाला दिसलं तर पुढचं न वाचता आणून द्या, दुसरी प्रत देऊ.

तीस पानांत पकड बसली नाही तर पुस्तक परत करा. का आवडलं नाही, असं कोणी विचारणार नाही. नवीन सभासदाला पहिल्या महिन्यात रोज बदलून दिलं तरी चालतं आणि उशिराचा आकार लागत नाही. दिवाळी अंकांची वर्गणी वेगळी असते. ज्यांना लांबलचक काही झेपत नाही त्यांनी कथांचे अंक जरूर लावावेत.

अनामत 500 रुपये, नाव काढताना परत. वर्गणी महिना 150 रुपये, एका वेळी एक पुस्तक. 200 रुपयांत दोन, पण त्यातलं एक बारीक असावं असा आमचा आग्रह आहे.

पावसाळ्यात पुस्तकाबरोबर प्लास्टिकची पिशवी मिळते, ती वापरा. तरीही भिजलंच तर इस्त्री फिरवू नका, उन्हातही ठेवू नका, पानं वाकडी होतात आणि बांधणी सुटते. मध्येमध्ये कोरे कागद घालून पंख्याखाली उघडं ठेवा. वर्तमानपत्र घालू नका, शाई उतरते. वाळलं की तसंच घेऊन या, बांधणीचं आम्ही बघू.

सोमवारी बंद. इतर दिवशी सकाळी 9 ते 12 आणि संध्याकाळी 5 ते 9, म्हणजे ऑफिसहून येतानाही बदलता येईल.