ट्राम-बस अदलाबदल स्थानक

ट्राम-बस अदलाबदल स्थानक : शहरातील रुळांवरची ट्राम आणि रस्त्यावरची बस यांच्यात प्रवाशांना सहज वाहन बदलता यावे, यासाठी आखलेला थांबा किंवा थांब्यांचा समूह. एकाच चौकात दोन्ही वाहने थांबतात, एवढ्याने ते अदलाबदल स्थानक ठरत नाही. फलाटांची जागा व उंची, गाड्यांच्या वेळा आणि तिकीट या गोष्टी एकमेकींना धरून ठरवलेल्या असाव्या लागतात. वाहतूक-नियोजनात वाट पाहण्याचा किंवा चालण्याचा एक मिनिट हा गाडीत बसून घालवलेल्या सुमारे दोन मिनिटांइतका धरण्याची प्रथा आहे. त्यामुळे पन्नास पावले आणि पाच मिनिटे वाचवणारी रचना प्रवाशाच्या दृष्टीने मोठी असते.

उगम : या व्यवस्थेचा आरंभ कोठे मानावा, याविषयी तीन मते आहेत. पहिल्या मतानुसार तिचे मूळ पॅरिसच्या घोडागाड्यांच्या, म्हणजे ऑम्निबसच्या, बदल-कचेऱ्यांत आहे. फ्रान्समधील नाँत शहरात १८२६ च्या सुमारास सुरू झालेली ऑम्निबस १८२८ मध्ये पॅरिसमध्ये आली. एका गाडीतून उतरून त्याच भाड्यात दुसऱ्या गाडीत बसण्याची सवलत तेथे बरीच लवकर रुजलेली दिसते. १८५५ मध्ये अनेक कंपन्या एकत्र होऊन एकच ऑम्निबस कंपनी झाली, तेव्हा ही पद्धत साऱ्या शहरात पसरली. मोक्याच्या चौकांत कचेऱ्या असत. प्रवासी तेथे क्रमांकाची चिठ्ठी घेऊन थांबत आणि क्रमांक पुकारला की गाडीत चढत. सवलत मात्र सर्वांना सारखी नव्हती. आत बसणाऱ्याला ३० सांतीमच्या (सांतीम म्हणजे फ्रँकचा शंभरावा भाग) भाड्यात गाडी बदलता येई. टपावर १५ सांतीम देऊन बसणाऱ्याला ती मुभा नसे. १८७० च्या दशकात पॅरिसमध्ये घोडट्रामचे जाळे वाढले आणि रुळांवरची व बिनरुळाची अशी दोन्ही वाहने या व्यवस्थेत आली.

दुसरे मत असे की, घोडागाडी आणि घोडट्राम यांचा वेग जवळपास सारखाच असल्याने त्यांच्यातील बदल हा आजच्या अर्थाने अदलाबदल नव्हे. जलद व अधिक प्रवासी नेणारी विजेची ट्राम हा कणा आणि तिच्या शेवटच्या थांब्यापासून पुढे वस्तीत जाणारी मोटारबस ही शाखा, अशी श्रमविभागणी झाल्यावरच त्याला अर्थ येतो. आणि ती साधारणतः पहिल्या महायुद्धानंतरची आहे. तिसरे मत तिकिटाला महत्त्व देते. १९६५ मध्ये हँबर्ग येथे वेगवेगळ्या वाहतूक संस्थांचा संयुक्त भाडे व वेळापत्रक संघ स्थापन झाला. त्याला या प्रकारचा पहिला संघ मानतात आणि पुढे अनेक जर्मन भाषिक शहरांनी तेच रूप उचलले. मात्र खुद्द हँबर्गमधील ट्राम १९७८ मध्ये बंद झाली, ही या मताची अडचण आहे. फलाटांची रचना हा निकष धरला, तर दुसरे मत अधिक ग्राह्य वाटते. पॅरिसच्या कचेऱ्या ही त्याची पूर्वपीठिका मानणे पुरेसे आहे.

दुसऱ्या महायुद्धानंतर ब्रिटन, फ्रान्स व अमेरिका येथील बहुतेक शहरांनी ट्राम काढून टाकली आणि हा विषय तेथे जवळजवळ मिटला. पश्चिम जर्मनी, स्वित्झर्लंड, ऑस्ट्रिया, पूर्व युरोप तसेच मेलबर्न येथे तो टिकला. नाँत येथे १९८५ मध्ये नवी ट्राम सुरू झाली, १९८७ मध्ये ग्रनोबल येथे व १९९४ मध्ये स्ट्रासबर्ग येथे तिचे अनुकरण झाले. तेव्हा शहराच्या मध्यापर्यंत जाणारे बसमार्ग तोडून ट्रामच्या थांब्यांवर आणून सोडण्याचे धोरण आले. थेट बस गेल्यामुळे बदलाची सक्ती झाली. अशी सक्ती करणाऱ्या शहराने बदलाची जागा उत्तम बांधणे हे त्याचे कर्तव्यच ठरते.

मांडणीचे प्रकार : मुख्य प्रकार दोन. पहिल्यात बस ट्रामच्या रुळांवरूनच चालते आणि दोन्ही वाहने एकाच फलाटाच्या एकाच कडेला लागतात. जागा कमी लागते. ‘पुढची गाडी कोठे येणार’ हा प्रश्नच उरत नाही. पण बस नादुरुस्त झाली तर मागची ट्राम अडकते, कारण तिला बाजूने काढता येत नाही. शिवाय रुळांमध्ये हिरवळ लावता येत नाही. बसच्या चाकांसाठी काँक्रीट किंवा डांबर लागते.

दुसऱ्या प्रकारात फलाट मध्ये असतो, एका कडेला ट्राम व समोरच्या कडेला बस. प्रवासी फलाट ओलांडून दुसऱ्या वाहनात शिरतो. येथे एक भौमितिक अडचण आहे, जी आराखड्यात उशिरा लक्षात येते. दोन्ही वाहनांना एकाच बाजूला दारे असतील, तर ती या फलाटाच्या दोन कडांना एकाच दिशेने तोंड करून उभी राहू शकत नाहीत. एकीची दारे फलाटाकडे आली की दुसरीची रस्त्याकडे जातात. बसला उलट दिशेनेच यावे लागते आणि मग वळण्याची जागा लागते. युरोपीय नियमांनुसार बसला १२.५ मी. बाह्य त्रिज्येच्या वर्तुळात वळता आले पाहिजे, म्हणजे किमान २५ मी. व्यासाची मोकळी जमीन हवी. म्हणून ही मांडणी मार्गाच्या टोकाला शोभते, भर बाजारातील चौकात क्वचितच जमते. ट्रामला दोन्ही बाजूंना दारे असल्यास प्रश्न सुटतो. दोन्हींकडे दाट फेऱ्या असतील आणि जागा असेल, तर हीच मांडणी श्रेयस्कर होय.

फलाटाची कड : रचनेचा खरा कस येथे लागतो. सखल तळाच्या ट्रामचा दारातील तळ रुळाच्या माथ्यापासून साधारण ३० ते ३५ सेंमी. उंच असतो, सखल बसचा रस्त्यापासून सुमारे ३२ सेंमी., आणि बस फलाटाकडे कलल्यावर तो आणखी ६ ते ८ सेंमी. खाली येतो. आकडे जवळचे असले तरी वाहनांचे वागणे वेगळे आहे. ट्राम रुळांनी बांधलेली असल्याने ती दर वेळी कडेपासून त्याच अंतरावर येते. फलाट तिच्या तळाला जवळपास भिडवता येतो. तो किंचित खालीच ठेवतात, कारण चाके झिजल्यावर आणि गाडी भरल्यावर तळ खाली बसतो आणि तो फलाटाखाली जाऊन चालत नाही. बस मात्र तिरकी येते, तिचा पुढचा भाग चाकांच्या पुढे झुकलेला असतो आणि तो कडेवरून फिरतो. कड उंच असेल तर गाडी घासते. बाहेर उघडणारी दारेही अडकतात.

यावर जर्मनीतील कासेल शहरात १९९० च्या दशकात विकसित झालेली अंतर्वक्र कड हा सर्वमान्य उपाय ठरला. तिच्या पायथ्याचा बाक टायरला हळूच सरळ करतो. चालक चाक कडेला टेकवून गाडी लावू शकतो. आरंभी १६ व १८ सेंमी. उंचीची असलेली ही कड पुढे २२ व २४ सेंमी. पर्यंत गेली. सामाईक फलाटासाठी २२ ते २४ सेंमी. हीच तडजोड बहुधा स्वीकारली जाते, अर्थात बसला कडेशी सरळ येण्याएवढी लांबी असेल तर.

रुंदीचा हिशेबही सांगण्यासारखा आहे. बस आरसे वगळून २.५५ मी. रुंद असते. २.६५ मी. रुंदीची ट्राम असेल आणि ५ सेंमी. फट ठेवून फलाट बांधला असेल, तर रुळांच्या मधोमध चालणाऱ्या बसला १० सेंमी. फट पडते, चालकाने थोडे कडेकडे घेतले की झाले. ट्राम २.४० मी. रुंद असेल, तर मात्र मधोमध आलेली बस फलाटाला अडीच सेंमी. धडकेल. तेथे चालकाला रुळांचा मध्य सोडून बाहेरूनच यावे लागते.

उंच तळाच्या गाड्यांसाठी बांधलेले ८० ते १०० सेंमी. उंचीचे फलाट बसबरोबर वाटून घेता येत नाहीत. ७० सेंमी.चा फरक ६ टक्के उताराने भरून काढायचा, तर जवळपास १२ मी. लांबीचा उतार लागतो.

वेळापत्रक : ट्राम दर १० मिनिटांनी आणि बस दर १५ मिनिटांनी असेल, तर उत्तम फलाटही निष्फळ ठरतो. पूर्ण तासाला ट्राम आली आणि बस ३ मिनिटांनी सुटली असे धरू. पुढच्या ट्रामच्या प्रवाशांना ८ आणि त्यापुढच्यांना १३ मिनिटे थांबावे लागते. मग चक्र पुन्हा सुरू. एक अंतर दुसऱ्याच्या पटीत ठेवणे हाच उपाय. ट्राम उशिरा आली तर बस थांबवतात. बससाठी ट्राम सहसा थांबवत नाहीत, कारण तिच्यामागे अख्खा मार्ग तुंबतो. रात्री फेऱ्या विरळ असताना सर्व गाड्या एकाच ठिकाणी एकत्र आणून एकदम सोडतात. लाइपझिगच्या रात्रबस मुख्य रेल्वे स्थानकापासून १.११, २.२२ व ३.३३ वाजता सुटत आल्या आहेत; लक्षात ठेवायला याहून सोपे वेळापत्रक आढळत नाही.

छत व वास्तुरचना : स्ट्रासबर्गजवळील होनहाइम येथील टोकाचे स्थानक व वाहनतळ (२००१, वास्तुविशारद झाहा हदीद) यास २००३ चा मीस व्हान डेर रोए हा युरोपीय वास्तुकला पुरस्कार मिळाला. बर्नच्या रेल्वे स्थानकासमोर ट्राम व बस थांब्यांवर २००८ मध्ये काचेचे वळणदार छत उभारले गेले. छत पावसापासून वाचवते, ठिकाण दुरून ओळखू येते; पण ते फलाटाच्या चुकीची भरपाई करीत नाही.

इतर : अंधांसाठी उठावाच्या फरश्या, ज्यांचा वापर १९६७ मध्ये जपानमधील ओकायामा येथे सुरू झाला, फलाटाच्या कडेने व बदलाच्या वाटेवर सलग घालतात. सायकलींची वाट रुळांना शक्य तितकी काटकोनात नेतात, कारण रुळाच्या खाचेत चाक अडकते. ट्रॉलीबस, म्हणजे डोक्यावरच्या तारांतून वीज घेऊन चालणारी बस, असल्यास तिला दोन तारा लागतात, ट्रामला एक, आणि परतीचा प्रवाह रुळांतून जातो. म्हणून जेथे या तारा एकमेकींना छेदतात तेथे विद्युत्‌रोधक तुकडे बसवावे लागतात आणि तेवढ्या अंतरात गाडी वीज न घेता पुढे सरकते. त्यामुळे असा छेद थांब्याच्या जागी येऊ देत नाहीत.