हिम की पाऊस: पर्वतातील हिवाळी अंदाजाची पार्श्वभूमी

हिवाळ्यात एखादी वादळी प्रणाली पर्वतरांगेकडे सरकू लागते, तेव्हा पाणी किती पडेल यापेक्षा ते कोणत्या उंचीपर्यंत पाऊस होऊन आणि कुठून वर हिम होऊन पडेल, हे सांगणे अधिक कठीण असते. हवा दर किलोमीटर उंचीला सरासरी साडेसहा अंशांनी थंड होत जाते, म्हणून तापमानाच्या अंदाजात एका अंशाची चूक झाली तरी ही सीमा सुमारे दीडशे मीटरांनी वर किंवा खाली सरकते. पायथ्यालगतच्या मंद उतारावर तेवढ्या अंतरात कितीतरी गावे आणि रस्ते येतात.

पर्वत हवेचे काय करतो, हे समजण्यास एकोणिसावे शतक उजाडावे लागले. आल्प्समधील उष्ण, कोरडा फॉन वारा सहारातून येतो अशी समजूत प्रचलित असताना, ऑस्ट्रियाच्या युलियस हान यांनी १८६६ मध्ये दाखवून दिले की उतारावरून खाली येणारी हवा दाबली जाऊन तापते. वर चढणारी हवा थंड होऊन वाताभिमुख उतारावर पाणी सांडते आणि पलीकडे पर्जन्यछाया उरते, हा त्याच प्रक्रियेचा दुसरा भाग.

मात्र कारण कळणे आणि आधी सांगता येणे यांत मोठे अंतर होते. विल्हेल्म ब्यर्कनेस यांनी १९०४ मध्ये हवामानाचा अंदाज हा भौतिकशास्त्राच्या समीकरणांचा प्रश्न आहे असे मांडले. लुईस फ्राय रिचर्डसन यांनी तो हाताने सोडवून पाहिला आणि १९२२ मध्ये प्रसिद्ध केला. सहा तासांत वायुदाब १४५ हेक्टोपास्कलने बदलेल असे त्यांचे अशक्य उत्तर आले. चूक लपवली नाही, हे त्यांचे मोठेपण मला त्या गणिताइतकेच मोलाचे वाटते. १९५० मध्ये एनिअ‍ॅक संगणकावर पहिले यशस्वी अंदाज निघाले, पण नकाशावरील ज्या बिंदूंसाठी गणित केले जाते, त्यांच्या जाळीतील शेजारचे बिंदू तेव्हा ७३६ किलोमीटर अंतरावर होते. आल्प्सची सारी रुंदी दोन बिंदूंच्या मधल्या जागेत सहज मावली असती.

पुढे जाळी बारीक होत गेली, तरी अनिश्चितता संपली नाही. सुरुवातीच्या नोंदींतील सूक्ष्म फरकही पुढे मोठा होतो, हे एडवर्ड लॉरेन्झ यांनी १९६३ मध्ये दाखवले. त्यातूनच किंचित बदललेल्या प्रारंभांपासून अनेक अंदाज एकत्र काढण्याची समूह-पद्धती आली, आणि डिसेंबर १९९२ पासून युरोप व अमेरिकेतील केंद्रांनी ती नित्य वापरात आणली. अशा समूहातून ‘हिम पडेल’ या विधानाऐवजी त्याची शक्यता किती, हे आकड्यात मांडता येते.

दऱ्यांचा प्रश्न याहून हट्टी आहे. पडणारे हिम वितळताना भोवतालच्या हवेतील उष्णता शोषून घेते; वर्षाव जोरदार असेल आणि दरी अरुंद असेल, तर तिच्यातील थोडी हवा झपाट्याने शून्य अंशाकडे उतरते आणि हिमाची सीमा शेकडो मीटर खाली येऊ शकते. रडारवर वितळणाऱ्या हिमाचा थर ठळक पट्ट्यासारखा दिसतो, परंतु मधले कडे किरण अडवतात, आणि कित्येक किलोमीटरची जाळी शिखरे बोथट व दऱ्या उथळ करून टाकते. म्हणूनच संगणकाचे उत्तर आल्यावर प्रत्येक दरीपुरती उंचीची दुरुस्ती आजही करावी लागते.