कळलावी: नावातच कळ आहे

पावसाळ्यात सह्याद्रीत एखादा गड चढताना झुडपात मध्येच आग लागल्यासारखं लाल-पिवळं फूल दिसतं ना, नागमोडी पाकळ्या वर वळलेल्या, तीच कळलावी. जवळून बघा, पानाचं टोक स्प्रिंगसारखं गुंडाळलेलं असतं आणि त्यानेच ही वेल शेजारच्या झाडाला धरून वर चढते.

भांडणं लावणाऱ्याला आपण कळलाव्या म्हणतो पण इथली कळ वेगळी, बाळंतपणाची. बाई अडली की हिचा कंद उगाळून बेंबीला, तळपायाला लेप लावायचे, म्हणजे कळा येतात असा समज. संस्कृतात हिला गर्भपातिनी म्हणतात, आणि लांगली पण, कारण कंद नांगरासारखा वाकडा. आयुर्वेदाने हिला उपविषांत टाकलंय आणि गोमूत्रात शोधन केल्याशिवाय वापरायची नाही असं सांगितलंय, म्हणजे ही काय चीज आहे ते जुन्या लोकांना चांगलंच माहीत होतं.

सगळा खेळ कोल्चिसीनचा, म्हणजे हिच्यातल्या विषाचा. एका पेशीच्या दोन होताना आत बारीक दोऱ्या तयार होतात, त्या गुणसूत्रं दोन बाजूंना ओढतात, आणि कोल्चिसीन या दोऱ्याच बनू देत नाही. मग ज्या पेशी सतत वाढत असतात त्यांनाच पहिला फटका, आतड्याचं अस्तर, हाडांतला मगज, केसांची मुळं. कंद पोटात गेला की काही तासांत उलट्या-जुलाब, पुढे रक्तपेशी घटतात, किडनी वगैरे बसते, आणि यातून जो वाचतो त्याचे साधारण दोन आठवड्यांनी केस गळतात! हमखास उतारा नाही. त्यात कंद दिसतो रताळ्यासारखा, आणि शिजवून विष जात नाही.

गंमत म्हणजे हेच कोल्चिसीन गाउटच्या, म्हणजे सांधे सुजण्याच्या, दुखण्यावर डॉक्टर देतात, पण गोळीत अर्धा मिलिग्रॅम म्हणजे अर्धाच असतो, कंदात किती ते उगाळणाऱ्याला कसं कळणार?

तामिळनाडूचं हे राज्यफूल, तिथे औषध कंपन्यांसाठी बियांची शेतीच होते. फुलातली मादी दांडी काटकोनात बाजूला वळलेली, परागांपासून लांब, म्हणून शेतकरी सकाळी एकेका फुलाला हातानेच पराग लावत फिरतात.