हवामान बदल : शास्त्रीय सहमती आणि निधीच्या प्रभावाचा वाद

पृथ्वीचे सरासरी तापमान वाढत आहे व त्याला मुख्यतः माणसाने जाळलेला कोळसा, खनिज तेल आणि नैसर्गिक वायू कारणीभूत आहेत, याबाबत शास्त्रज्ञांमध्ये कितपत एकमत आहे, आणि हे एकमत किंवा त्याला होणारा विरोध संशोधनासाठी मिळणाऱ्या पैशांतून घडला आहे काय, या दोन प्रश्नांवरून १९९०च्या दशकापासून प्रामुख्याने अमेरिका व ब्रिटनमध्ये चाललेला वाद. हे दोन्ही प्रश्न बहुधा एकत्र मांडले जातात आणि त्यातच बराचसा गोंधळ आहे. पहिल्याचे उत्तर प्रसिद्ध झालेले शोधनिबंध मोजून देता येते. दुसऱ्यासाठी पत्रव्यवहार, करारपत्रे आणि हिशेब तपासावे लागतात.

सहमतीची पहिली बहुचर्चित मोजणी विज्ञानाच्या इतिहासाच्या अभ्यासक नाओमी ओरेस्केस यांनी २००४ मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात मांडली. १९९३ ते २००३ या काळातील ९२८ निबंधांच्या गोषवाऱ्यांत मानवी कारण नाकारणारा एकही त्यांना आढळला नाही. सर्वाधिक वाद मात्र जॉन कुक व त्यांच्या सहकाऱ्यांच्या २०१३ मधील पाहणीवर झाला. त्यांनी १९९१ ते २०११ या काळातील ११,९४४ गोषवारे वाचले. त्यांपैकी ६६.४ टक्के गोषवाऱ्यांत कारणाविषयी कोणतीच भूमिका नव्हती, ३२.६ टक्क्यांत मानवी कारण मान्य केलेले होते, ०.७ टक्क्यांत ते नाकारलेले होते आणि ०.३ टक्क्यांत अनिश्चितता व्यक्त केली होती. भूमिका घेणारे निबंध तेवढे धरले, तर त्यांतील ९७.१ टक्के मानवी कारणाच्या बाजूचे ठरतात. सर्वत्र उद्धृत होणारा ‘९७ टक्के’ हा आकडा तो हाच.

दोन तृतीयांश गोषवारे वगळून काढलेली टक्केवारी फसवी आहे, असा आक्षेप यावर घेण्यात आला. वरवर पाहता तो बिनतोड वाटतो. परंतु हिवतापावरील नव्या औषधाविषयी निबंध लिहिणारा संशोधक, हिवताप डासांमुळे पसरतो हे गोषवाऱ्यात पुन्हा सांगत बसत नाही. हिमनदीची जाडी मोजणाऱ्याचेही तसेच आहे. शिवाय कुक यांच्या गटाने मूळ लेखकांनाच आपापल्या संपूर्ण निबंधांचे वर्गीकरण करण्यास सांगितले, तेव्हा भूमिका नसलेल्यांचे प्रमाण ३५.५ टक्क्यांवर आले आणि उरलेल्यांत मान्यतेचे प्रमाण ९७.२ टक्के भरले. ‘मान्यता’ या सदरात उघड आणि गर्भित अशा दोन्ही प्रकारच्या मान्यता एकत्र मोजल्या, हा आक्षेप अधिक रास्त आहे. अर्थशास्त्रज्ञ रिचर्ड टोल यांनी २०१४ मध्ये या पाहणीच्या पद्धतीवर कठोर टीका केली. मात्र शास्त्रीय वाङ्मयाचा कौल मानवी कारणाच्या बाजूने प्रचंड आहे, हे त्यांनीही त्याच निबंधात मान्य केले.

याउलट माणसाने सोडलेल्या वायूंमुळे घातक तापमानवाढ होते याला खात्रीलायक पुरावा नाही, असे म्हणणाऱ्या आणि १९९८ पासून फिरवल्या गेलेल्या ‘ओरेगॉन याचिके’वर पुढे ३१,०००हून अधिक सह्या झाल्याचे सांगितले जाते. तिच्यावर सही करण्यासाठी विज्ञान किंवा तत्सम विषयातील पदवी पुरेशी होती. हवामानाचा अभ्यास असण्याची अट नव्हती. याचिकेसोबतचा लेख अमेरिकेच्या राष्ट्रीय विज्ञान अकादमीच्या नियतकालिकासारख्या मांडणीत छापलेला होता, त्यामुळे या याचिकेशी आपला संबंध नाही, असा खुलासा अकादमीला करावा लागला.

खरा शास्त्रीय मतभेद कसा असतो आणि कसा मिटतो, हे उपग्रहांच्या नोंदींवरून दिसते. अलाबामा विद्यापीठाचे जॉन ख्रिस्ती व रॉय स्पेन्सर यांच्या उपग्रहीय मापनांत १९९०च्या दशकात वातावरणाच्या खालच्या थरात तापमानवाढ जवळजवळ दिसतच नव्हती. हवेच्या घर्षणामुळे उपग्रहाची कक्षा हळूहळू खाली येते आणि त्यातून खोटी थंडावण नोंदली जाते, हे फ्रँक वेंट्झ व माथियास शाबेल यांनी १९९८ मध्ये दाखवले. २००५ मध्ये आणखी एका दुरुस्तीचे अधिक-उणे चिन्हच उलटे धरले गेल्याचे उघड झाले. ख्रिस्ती व स्पेन्सर यांनी चुका मान्य करून आकडे सुधारले आणि सुधारित नोंदींतही तापमानवाढ दिसू लागली. किती वेगाने, याबाबत त्यांचे मत आजही इतरांहून वेगळे आहे.

सहमतीच्या बाजूनेही गंभीर चूक झाली आणि तिचा थेट संबंध भारताशी होता. संयुक्त राष्ट्रांच्या हवामान बदलविषयक आंतरसरकारी समितीच्या (आयपीसीसी) २००७ च्या अहवालात हिमालयातील हिमनद्या २०३५ पर्यंत नाहीशा होण्याचा संभव मोठा असल्याचे लिहिले गेले. या विधानाला समीक्षित निबंधाचा आधार नव्हता. ते एका पर्यावरणवादी संस्थेच्या अहवालातून उचलले होते. नोव्हेंबर २००९ मध्ये तत्कालीन पर्यावरणमंत्री जयराम रमेश यांनी हिमालयातील हिमनद्या असामान्य वेगाने मागे हटत असल्याचा पुरावा नाही, असे सांगणारा भूवैज्ञानिक व्ही. के. रैना यांचा अहवाल प्रसिद्ध केला, तेव्हा समितीचे अध्यक्ष राजेंद्र पचौरी यांनी तो अत्यंत तुच्छतेने झिडकारला. जानेवारी २०१० मध्ये समितीलाच खेद व्यक्त करावा लागला. त्या अहंकाराची किंमत प्रामाणिक संशोधकांनी मोजली, कारण हिमनद्या झिजत आहेत हा मूळ निष्कर्ष त्या गदारोळात झाकोळून गेला.

निधीविषयीचा आरोप ‘ज्याची खावी पोळी, त्याची वाजवावी टाळी’ या म्हणीत सामावतो आणि तो दोन्ही बाजू एकमेकींवर करतात. संशयवाद्यांच्या मते सरकारी अनुदान टिकवण्यासाठी शास्त्रज्ञ धोका फुगवून सांगतात. दुसऱ्या बाजूने बोट दाखवले जाते ते इंधन उद्योगाकडे. सूर्यामुळेच तापमान बदलते असे मांडणारे विली सून यांना दशकाहून अधिक काळात या उद्योगाशी निगडित स्रोतांकडून बारा लाखांहून अधिक डॉलर मिळाल्याची आणि अनेक निबंधांत त्यांनी ते जाहीर न केल्याची कागदपत्रे २०१५ मध्ये बाहेर आली. पैशांचा आपल्या निष्कर्षांवर परिणाम झाला नाही, असे सून यांचे म्हणणे आहे. हितसंबंध लपवणे हा गंभीर दोष आहे. परंतु सून यांचा सिद्धांत मागे पडला तो सूर्याची तेजस्विता गेल्या काही दशकांत वाढलेली नसतानाही तापमान वाढत राहिले म्हणून.

पैशाने निष्कर्ष ठरतोच असे नाही, याचे ठळक उदाहरण रिचर्ड मुलर यांचे आहे. तापमानाच्या जुन्या नोंदींविषयी साशंक असलेल्या या भौतिकशास्त्रज्ञाने बर्कली येथे त्या नव्याने तपासल्या. त्यासाठी तेल उद्योगपती चार्ल्स कोक यांच्या प्रतिष्ठानने दीड लाख डॉलर दिले होते. तापमानवाढ खरी असून ती जवळजवळ पूर्णपणे मानवनिर्मित आहे, असे मुलर यांनी २०१२ मध्ये जाहीर केले.

एक्झॉन या तेल कंपनीचा इतिहास त्याहून बोलका आहे. कंपनीचे शास्त्रज्ञ जेम्स ब्लॅक यांनी १९७७ मध्येच वरिष्ठ व्यवस्थापनाला कार्बन डायऑक्साइडच्या धोक्याची कल्पना दिली होती, आणि १९७९ मध्ये ‘एस्सो अटलांटिक’ या तेलवाहू जहाजावर हवेतील व समुद्रातील त्या वायूचे प्रमाण मोजणारी उपकरणे बसवण्यात आली. कंपनीच्या १९७७ ते २००३ या काळातील भाकितांची २०२३ मध्ये ‘सायन्स’मध्ये तपासणी प्रसिद्ध झाली, तेव्हा त्यांतील ६३ ते ८३ टक्के भाकिते प्रत्यक्ष तापमानवाढीशी जुळल्याचे दिसले. इंधनाच्या पैशांवर चाललेल्या प्रयोगशाळेतले गणित बरोबर होते. त्याच कंपनीने २००० मध्ये ‘न्यूयॉर्क टाइम्स’मध्ये पैसे मोजून जो मजकूर छापला, त्याचे शीर्षक मात्र ‘अनिर्णित विज्ञान’ अशा अर्थाचे होते. दिशाभूल केल्याचा आरोप कंपनी नाकारते.